पिनरच्या गालिच्यावरचा हळदीचा डाग

जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी पिनरमधल्या एका निवृत्त भूलतज्ज्ञ बाईंनी पोलिसांना फोन करून कळवले की, धुण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी दिलेला त्यांचा जुना इराणी गालिचा परत आला आहे, पण तो त्यांचा नाही. खरा गालिचा लंपास करून त्याच्या जागी दुसरा आणून टाकला आहे. पुरावा एकच होता. गालिच्यावर हळदीचा मोठा पिवळा डाग होता, तो आता नाही.

लंडनच्या पोलीस खात्यात माझी बरीच वर्षे गेली. घरफोड्यांची प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत; कोणाचे कुलूप आणि कोणाचा चोर, सांगता येत नाही. हे प्रकरण मात्र जसेच्या तसे डोक्यात राहिले आहे. त्यातल्या कोणाचेही नाव इथे देत नाही. ही माणसे आजही एकाच भागात राहतात आणि एकाच दुकानातून भाजी घेतात.

कंट्रोल रूमने फोनची नोंद करताना लिहिले होते : ‘गालिचा स्वच्छ होऊन परत आला. तक्रारदार नाराज.’ आमच्या इन्स्पेक्टर बाई यॉर्कशरच्या होत्या आणि सहसा हसत नसत. त्यांनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला.

“हळद म्हणजे करी पावडर ना?” त्यांनी विचारले.

“करी पावडरमध्ये असते, मॅम.”

“मग हे तुझं प्रकरण.”

चौकीत मराठी बोलणारा मी एकटा सार्जंट होतो. हळदीचे प्रकरण माझ्याकडे येण्याला एवढे कारण पुरेसे होते.

बाईंचे घर पिनर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. दार त्यांनीच उघडले. ओळखपत्र नीट वाचले, चेहऱ्याशी ताडून पाहिले आणि मराठीत विचारले, “तुम्ही कुठले?”

“ठाण्याचा.”

“मूळचे?”

“मूळचाही ठाण्याचाच.”

“असू दे. चहा घेणार ना?”

मराठी घरातली तक्रार चहा आल्याशिवाय सुरू होत नाही आणि चहा संपल्याशिवाय थांबत नाही, हा अनुभव. मी चहा घेतला.

गालिचा बैठकीच्या खोलीत, सोफ्यासमोर पसरलेला होता. मंजिष्ठेचा गडद लाल रंग, मध्ये निळीच्या रंगाच्या टोकदार पदकाची नक्षी, कडेने फुलांची किनार. बाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी तो हॅरोमधल्या एका लिलावात घेतला होता. विकणाऱ्याने तो इराणमधल्या हमदानजवळच्या कुठल्याशा खेड्यातला, शंभरीच्या आसपासचा म्हणून दिला होता. यजमान सर्जन होते. ते जाऊन काही वर्षे झाली होती.

“डाग इथे होता,” बाई म्हणाल्या आणि वाकून दोन्ही हातांनी हवेत आकार दाखवला. “एवढा.”

“डॉक्टरबाई, गालिचा धुवायला दिला होता. डाग धुतला गेला असेल.”

“मी त्या माणसाला स्पष्ट सांगितलं होतं. सगळं धू, पण डागाला हात लावायचा नाही. त्याने वडिलांची शपथ घेतली.”

“डाग ठेवायला सांगितला होता?”

“हो. का? कायद्यात बसत नाही?”

कायद्यात बसते, असे मी सांगितले. तेवढ्यात त्यांची मुलगी लॅपटॉप हातात घेऊन खाली आली. ती ब्रॅकनेलला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती आणि त्या आठवड्यात आईच्या घरून काम करत होती.

“काका, मी एक्सप्लेन करते,” ती म्हणाली. “माझ्या लग्नातला हळद होता तो. वेडिंगच्या आदल्या दिवशी इथे सगळं स्पिल झालं. And the marriage is over, by the way. डाग राहिला, नवरा गेला.”

“तुझ्या नवऱ्याचा नाहीच तो डाग,” बाई म्हणाल्या. “बाबांचा आहे.”

मग कळले ते असे. हळदीच्या दिवशी मुलीला हळद लावायला वडील पुढे आले. ज्या माणसाचा हात ऑपरेशन टेबलावर कधी हलला नव्हता, त्याच्या हातून त्या दिवशी हळदीची वाटी निसटली. सगळे हसले, ते स्वतः सर्वांत जास्त. दुसऱ्या वर्षी ते गेले. बाईंनी तो डाग पुसायला घेतला नाही. वर कॉफी टेबल ठेवले, पाहुण्यांनी सुचवलेले उपाय ऐकून घेतले आणि त्यातला एकही केला नाही.

मी स्टेटमेंट घेतले. त्यात ‘डागाचे वर्णन’ असा परिच्छेद घालावा लागला. मराठीत किंवा इंग्रजीत, असा परिच्छेद मी आधी लिहिला नव्हता.

इन्स्पेक्टर बाईंचे मत झाले की हे पोलिसांचे काम नाही. धुणाऱ्याने जास्त धुतले, गिऱ्हाईक चिडले. त्यांनी आपसात पाहावे. प्रकरण तिथेच मिटले असते. पण मी गालिचे धुणाऱ्या त्या दुकानात फोन लावला, तेव्हा तो दुरुस्तीवाला स्वतःच म्हणाला, “डाग? मी डागाला हात लावलेला नाही. शपथ घेतली होती. साबण लावला नाही, ब्रश लावला नाही, पाणीही बाजूबाजूने दिलं.”

“मग तो गेला कुठे?”

पलीकडून फोन ठेवला गेला.

मी डाग काढला, चूक झाली, असे तो म्हणाला असता तर मी फाईल बंद केली असती. धुतला नाही आणि डागही नाही, याचा सरळ अर्थ एकच निघत होता : गालिचा दुसरा आहे.

त्याच दिवशी दुपारी खबर आली. फोन करणाऱ्याने नाव सांगायला नकार दिला. आपण जबाबदार नागरिक आहोत, वेम्बलीत आपले गालिच्यांचे दुकान आहे आणि ते त्या दुरुस्तीवाल्याच्या बरोबर समोर आहे, एवढेच त्याने सांगितले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे खेड्यातले गालिचे पुष्कळदा जोडीने विणले जात. दुरुस्तीवाल्याने जोडीतला हलका गालिचा कुठून तरी मिळवला, तो बाईंच्या घरी पोचवला आणि चांगला मेफेअरच्या एखाद्या बड्या व्यापाऱ्याला विकला.

“तुम्ही पाहिलंत?”

“गेल्या आठवड्यात, ते कडक ऊन पडलं होतं ना, तेव्हा त्याचं दुकान बंद होतं. मी काचेतून पाहिलं. बाईंचा गालिचा आत नव्हता. कुठे होता, हे त्याला विचारा.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “आणि आमच्याकडे सध्या सेल चालू आहे.”

खबऱ्याचा हेतू वाईट असला म्हणून खबर खोटी ठरत नाही. दोन्ही वेगवेगळे तपासायचे असते.

दुरुस्तीवाल्याचे दुकान ईलिंग रोडच्या एका बोळात, साडीच्या दुकानामागे होते. माणूस साठीचा, इराणमधून तरुणपणी आलेला, मिशा काळ्या केलेल्या. काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते : ‘हाताने धुलाई. फक्त सावलीत वाळवण. तीन पिढ्या.’ आम्ही पोचलो तेव्हा दारात रांग होती. मला आधी वाटले, धंदा जोरात आहे. रांगेतले सगळे आपापले गालिचे परत मागायला आले होते. बातमी सकाळी पिनरमध्ये निघाली होती आणि दुपारी वेम्बलीत पोचली होती. मध्ये ती ट्यूबच्या कोणत्या लाइनने आली ते कळले नाही.

“माझा पण बदललाय का बघू दे आधी,” एक गुजराती आजी त्याला सांगत होत्या.

“माँजी, तुमचा मशीनचा आहे. तो कोण बदलणार?”

“म्हणजे? माझा बदलायच्या लायकीचा नाही?”

मी त्याला चौकीत येऊन जबाब देण्याची विनंती केली. अटक नव्हती. तसे मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. त्याचा उपयोग झाला नाही. आमच्या गाडीत बसताना त्याने मागे वळून आपल्या काचेकडे पाहिले आणि म्हणाला, “साहेब, उद्यापर्यंत हे मिटलं नाही तर परवा दुकान नसेल.” हे त्याने तक्रारीच्या सुरात म्हटले नाही. हवामान सांगावे तसे सांगितले.

चौकीत रेकॉर्डिंग सुरू केले. तुम्ही काही बोललेच पाहिजे असे नाही, ही ताकीद दिली. सरकारी खर्चाने मिळणारी सॉलिसिटर एक तरुण मुलगी होती. तिने त्याला बाहेरच बजावून ठेवले होते की कमीत कमी बोलायचे. संभाषण इंग्रजीत झाले. इथे मराठीत देतो.

“हा गालिचा त्याच बाईंचा आहे का?” मी विचारले.

“साहेब, हा प्रश्न म्हणजे, ही तुमचीच आई आहे का, असं विचारणं झालं.”

“माझा सल्ला असा आहे की—” सॉलिसिटर म्हणाली.

“ताई, तुम्ही थांबा. हे कायद्याचं नाही, गालिच्याचं आहे.” तो माझ्याकडे वळला. “शहरातल्या कारखान्यात विणकरासमोर कागदावर नकाशा असतो. एकेक गाठ ठरलेली. तिथे चारही कोपरे सारखे, चुका नाहीत. अशा गालिच्याची जोडी मिळेल. हा खेड्यातला आहे. एका बाईने घरी, माग भिंतीला टेकवून विणलेला. समोर कागद नाही. आईचं पाहिलेलं, शेजारणीचं पाहिलेलं, तेवढं डोक्यात. सुरुवात केली तेव्हा उत्साह होता. खालच्या किनारीतली फुलं बघा, कशी ऐसपैस आहेत. वर येईपर्यंत ताण्याचे उभे धागे संपत आले. अजून पदक पुरं व्हायचंय, किनार व्हायचीय. मग काय केलं तिने?”

“काय केलं?”

“शेवटची फुलं दाबली. वरच्या उजव्या कोपऱ्यातलं फूल तर इतकं चपटं आहे, की त्यावर कोणी बसून उठलंय असं वाटतं. त्याच्या शेजारी पक्षी आहे. बाकीचे सगळे पक्षी आत बघतात, हा एकटा बाहेर. मध्येच निळा रंग फिका झालाय, म्हणजे पहिलं रंगवलेलं सूत संपलं आणि दुसऱ्या वेळी नीळ कमी पडली. तुम्ही मला सांगा, हीच फजिती दुसऱ्या कोणाच्या हातून, ह्याच क्रमाने होईल?”

सॉलिसिटरने पेन खाली ठेवले होते. तिने विचारले की तिच्या आजीच्या गालिच्यावर मांजराने केलेले निघेल का. मी ते रेकॉर्डवर घेऊ नये अशी विनंती तिने नंतर केली. ते झाले नाही.

“ठीक आहे,” मी म्हणालो. “धुतल्यावर वाळवला कुठे?”

मिशांमागचा चेहरा बंद झाला.

“उत्तर देणार नाही.”

“गेल्या आठवड्यात दुकान बंद होतं. तुम्ही कुठे होतात?”

“उत्तर देणार नाही.”

“गालिचा कुठे होता?”

“ताई, आता बोला तुम्ही काहीतरी,” तो सॉलिसिटरला म्हणाला.

खोटे बोलणारा माणूस सहसा सगळ्याच प्रश्नांना थोडी थोडी उत्तरे देतो. एकाच खोलीला कुलूप लावणारा माणूस वेगळा. त्या खोलीत गुन्हाच असतो असे नाही. पुष्कळदा लाज असते. पण पोलिसाला दोन्हीसाठी दार उघडावेच लागते.

मी जबाब मध्ये थांबवला आणि चपट्या फुलाच्या मागे लागलो. तपासायचा मार्ग सोपा होता. बाईंच्या घरी त्या गालिच्यावर अनेक समारंभ झाले होते आणि मुलीच्या फोनमध्ये त्यांचे फोटो होते. तिने ते सगळे पाठवले. दिवाळी, वाढदिवस, गणपती, मुलीच्या घटस्फोटानंतरचे जेवण. गालिचा प्रत्येक फोटोत होता. अडचण एकच होती. वरच्या उजव्या कोपऱ्यात, रेडिएटरजवळ, प्रत्येक फोटोत एक बाई बसलेल्या होत्या. त्या मुलीच्या काकू. साड्या बदलत, चष्मे बदलत, बैठक बदलत नसे.

मी मुलीला फोन केला. “काकू कधी उठतात का?”

“काकू? विंटरमध्ये नाही. समरमध्ये पण नाही, सवय झालीये ना.”

“त्या नसलेला एखादा फोटो?”

“काका, that’s actually a very good question.”

तासाभराने एक फोटो आला. तो काकूंनी स्वतः काढला होता, म्हणून त्यात त्या नव्हत्या. त्यांचा अंगठा मात्र होता. फोटोचा डावा भाग, म्हणजे कॉफी टेबल आणि डागाची जागा, पूर्ण अंगठ्याने व्यापली होती. उजवीकडे रेडिएटर, त्याच्यापुढे मोकळा कोपरा आणि कोपऱ्यात चपटे फूल. शेजारचा पक्षी बाहेर पाहत होता.

मी एका कॉन्स्टेबलला पिनरला पाठवले. घरातल्या गालिच्यावरचे फूल आणि फोटोतले फूल त्याने ताडून पाहिले. पाकळ्या सारख्याच दबलेल्या, निळा रंग त्याच ओळीत फिका झालेला. गालिचा बाईंचाच होता.

आता चोरी उरली नाही. पण न धुतलेला डाग गेला कसा, याचे उत्तर मिळेपर्यंत बाई तक्रार मागे घेणार नव्हत्या. “फुलं सारखी विणता येतात,” त्या फोनवर म्हणाल्या. “डाग नाही विणता येत. माझा डाग कुठे आहे ते सांगा.” आणि वेम्बलीत त्या बोळातली रांग वाढत होती.

उत्तर चौकशीच्या खोलीत मिळाले नाही. ते पुढच्या काउंटरवर चालत आले. दुरुस्तीवाल्याची बहीण केशरी भाताचा मोठा डबा घेऊन आली आणि काउंटरवरच्या पोलिसाला विचारू लागली की तिच्या भावाला उपाशी ठेवले आहे का. चौकशीच्या खोलीत जे विचाराल तेवढेच मिळते. काउंटरवर न विचारलेलेही मिळते. म्हणून नातेवाईक आले की मी स्वतः पुढे जात असे.

“चोर म्हणता त्याला?” ती मला म्हणाली. “त्या उन्हाच्या दिवसांत तो आमच्याबरोबर साउथएंडला होता. समुद्रावर. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आइस्क्रीम खात होता. असा चोर असतो?”

“आणि गालिचा?”

“गालिचा माझ्या घरी. मागच्या बागेत कुंपणावर टाकून गेलो होतो. चांगला सगळे दिवस तिथेच होता. शेजारीण कुरकुरली, तिच्या टोमॅटोवर सावली येते म्हणून. विचारा तिला!”

मागून आवाज आला. मध्यंतरात पाणी प्यायला बाहेर आलेला दुरुस्तीवाला कॉरिडॉरच्या दारात उभा होता. त्याने भिंतीला डोके टेकले होते.

“आपा,” तो म्हणाला, “तू मला संपवलंस.”

मी त्याला खोलीत नेले, रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केले. आता तो सरळ बोलला. त्या आठवड्यात उकाड्याने दुकानात बसवत नव्हते. बहिणीने आग्रह केला, एक दिवस चल. एकाचे चार झाले. ओला गालिचा त्याने कुंपणावर टाकला होता तो संध्याकाळपर्यंतच्या हिशेबाने, आणि कुंपण झाडाच्या सावलीत आहे या समजुतीने. ते झाड शेजाऱ्यांनी वसंतातच तोडले होते.

“परत आलो तर लाल जिथल्या तिथे, निळा जिथल्या तिथे. जुने रंग आहेत, सूर्याला भीत नाहीत. पिवळा डाग मात्र नाही. मी उलटा करून पाहिला. कुठे गेला मला कळेना.”

“मग हे सकाळीच का नाही सांगितलंत? तुमच्यावर चोरीचा संशय होता.”

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच काहीतरी साधे समजून घेत नाहीये.

“साहेब, चोर म्हटलं तर लोक दोन वर्षांत विसरतील. तीन पिढ्या ज्या घराने सावलीत वाळवलं, त्याने गालिचा उन्हात टाकला आणि आइस्क्रीम खायला गेला, हे कोण विसरेल?”

डाग कुठे गेला हे त्याला कळले नव्हते, मला मात्र त्या क्षणी कळले. हळदीचा डाग साबणाने हटत नाही, लाल होतो आणि टिकून राहतो; पण कडक उन्हात ठेवला की आपोआप विरून जातो. ठाण्यात आमच्या गॅलरीत लग्नसराईनंतरचे कपडे याच कारणासाठी टांगलेले असत. सकाळपासून ही गोष्ट मला सुचली नव्हती. बाईंनाही सुचली नव्हती. इंग्लंडमध्ये राहिलेल्या मराठी माणसाच्या डोक्यात, कपडे वाळवण्याचे साधन म्हणून ऊन येतच नाही.

इन्स्पेक्टर बाईंना मी हे सांगितले. त्या म्हणाल्या, “सिद्ध कर.”

चॅरिटी शॉपमधून पांढरा लोकरीचा मफलर आणला. त्याचे दोन तुकडे करून दोन्हींना हळद लावली. एक माझ्या खणात ठेवला, दुसरा दक्षिणेकडच्या खिडकीत. दोन्हींना एक्झिबिटची लेबले लावली. दुसऱ्या दिवसापासून पाऊस सुरू झाला.

पाऊस थांबेना. खिडकीतला तुकडा पिवळाजर्द राहिला. रात्रपाळीचे लोक विचारून जात की कोर्मा कोणाच्या हातून सांडला. दुरुस्तीवाला रोज सकाळी काउंटरवर फोन करी आणि निरोप ठेवी. ड्यूटीवरचा पोलीस तो मला जसाच्या तसा वाचून दाखवी : “विचारलंय, ऊन आलं का.” त्याच्या दुकानासमोरची रांग संपली होती, कारण परत न्यायचे गालिचे संपले होते. समोरच्या दुकानातला सेल वाढवण्यात आला होता.

शेवटी ऊन पडले आणि सलग टिकले. खिडकीतला तुकडा आधी लिंबासारखा झाला, मग सायीसारखा. खणातला होता तसाच राहिला. इन्स्पेक्टर बाईंनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवून पाहिले.

“आणि हे तुम्ही लग्नाच्या आदल्या दिवशी एकमेकांच्या तोंडाला लावता?”

“हो, मॅम.”

“स्वेच्छेने?”

“बहुतेक वेळा.”

दोन्ही तुकडे घेऊन मी पिनरला गेलो. दुरुस्तीवाल्यालाही बोलावले होते. तो मिशा नव्याने काळ्या करून आणि इस्त्रीचा सदरा घालून आला. बाईंनी तुकडे पाहिले. फिका तुकडा त्यांनी खिडकीकडे धरला.

“उन्हात?” त्यांनी मला विचारले.

“उन्हात.”

“अहो, मी लहानपणी स्वतः वाळत घालायचे हळदीचे कपडे. आई सांगायची, वरच्या तारेवर टाक.” मग त्या दुरुस्तीवाल्याकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, “तू वडिलांची शपथ घेतली होतीस.”

“डॉक्टर साहिबा, मी हात लावणार नाही अशी शपथ घेतली होती. हात लावला नाही. सूर्याने शपथ घेतली नव्हती.”

मुलगी हसली. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी त्याला बसायला सांगितले. चहा आला. चहा घेतल्यावर दुरुस्तीवाल्याने आपला प्रस्ताव मांडला. तो डाग पुन्हा करून देणार होता. फुकट. तोच आकार, तीच कडा, मध्ये गडद, बाहेर फिकट. आयुष्यभर डाग काढले, हा पहिलाच बसवणार. त्याने बारीक ब्रश आणले होते. फक्त आकार सांगा, तो म्हणाला.

बाईंनी कैरीचा आकार सांगितला. मुलीच्या मते तो आयर्लंडच्या नकाशासारखा होता, खालच्या बाजूला जरा सुटलेला. काकूंना फोन लावला. काकू म्हणाल्या, तिथे डाग होता हेच त्यांना माहीत नाही, त्यांना तिथून फक्त टीव्ही दिसायचा. एकाही फोटोत डाग नव्हता. ज्यात असायला हवा होता, त्यात अंगठा होता. दुरुस्तीवाला ब्रश हातात धरून एकेकीकडे पाहत राहिला.

“ते ब्रश ठेव,” बाई अखेर म्हणाल्या. “त्यांनी काही रंगवला नव्हता. सांडला होता.”

त्या स्वयंपाकघरात गेल्या, हळद कालवून वाटी घेऊन आल्या. दुरुस्तीवाला हात जोडून म्हणाला, निदान कडेने लोकर ओली करू द्या, डाग नीट बसेल. बाईंनी त्याला बाजूला व्हायला सांगितले. त्या गालिच्यासमोर उभ्या राहिल्या, मुलीला समोर उभे केले, वाटी तिच्या चेहऱ्यापर्यंत नेली आणि हात सोडला. वाटी पडली. नवा डाग जुन्या जागेपासून हातभर उजवीकडे, चपट्या फुलाच्या अगदी जवळ पडला. थोडी हळद मुलीच्या पायावर उडाली.

“आई! माझा नवीन ट्रेनर्स आहे!”

दुरुस्तीवाल्याने खाली बसून डाग पाहिला आणि कडा चांगली आली आहे, असे सांगितले.

बाईंनी त्याच दिवशी तक्रार मागे घेतली. प्रकरण ‘गुन्हा घडलेला नाही’ या शेऱ्याने बंद झाले. गालिचा खराच होता आणि तो बदलला गेला नव्हता, हे मी वेम्बलीत दोन-तीन दुकानांत जाऊन गणवेशात सांगितले. त्यात समोरच्या दुकानाचाही समावेश होता. ऊन आणि आइस्क्रीम यांचा उल्लेख केला नाही. त्या आठवड्यात रांग पुन्हा लागली. गुजराती आजी सर्वांत पुढे होत्या.

गालिचा आज पिनरमध्ये त्याच खोलीत आहे. काकू रेडिएटरजवळ बसतात, आता नव्या डागाच्या अर्ध्या भागावर. उन्हाळ्यात त्या खोलीचे पडदे दिवसभर लावलेले असतात.